बदकाला हाक कशानं मारायची?

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात ऑनसाईट असताना तिथल्या मोठ्या दुकानांमध्ये एक अजब मांडणी बघितली. शर्ट, गाडीचे टायर, फ्रोझन कोंबडी हे सगळं ओलांडून पुढे गेलं की एक आख्खी भिंत बदकाच्या आवाजाची. म्हणजे 'डक कॉल'. तोंडात धरून फुंकायचं, बदकासारखा आवाज काढायचा, वरून उडत जाणारा थवा खाली उतरवायचा आणि मग बंदूक. प्लॅस्टिकचे कॉल साधारण १५ ते २५ डॉलरला, लाकडाचे त्याच्या वर, आणि अॅक्रिलिकचे चकचकीत कॉल शंभर डॉलरच्याही पुढे. टीममधला एक स्थानिक सहकारी नवशिक्या होता, त्याला कमी खर्चात बरा कॉल हवा होता. मी शिकार करत नाही, पण पुण्यात असताना दर थंडीत पक्षी बघायला जातो, त्यामुळे 'तुला पक्ष्यातलं कळतं' असं म्हणून त्यानं मला बरोबर नेलं. त्यानंतर या विषयानं जे डोकं खाल्लं, ते आज लिहून काढतोय.

आधी यंत्र समजून घेऊ. जत्रेत मिळते ती पिपाणी आठवा. डक कॉल म्हणजे तीच पिपाणी, जरा शिकलेली. बाहेर एक नळी, तिच्यात घट्ट बसणारा दुसरा तुकडा, त्या तुकड्यावर एक गुळगुळीत पन्हळ, पन्हळीवर पातळ पत्ती, आणि पत्ती जागेवर धरून ठेवायला बुचाची पाचर. हवा गेली की पत्ती थरथरते आणि आवाज होतो. बस्स. एका पत्तीच्या कॉलमधून पट्टीचा वाजवणारा हवे तितके चढउतार काढतो, पण नवशिक्याच्या हातात तो किंचाळतो. दोन पत्त्या एकावर एक असल्या की आवाज आपोआप थोडा खरखरीत होतो, कमी जोरातही बरा वाजतो, मात्र वरच्या पट्टीत पोचत नाही. म्हणून कमी बजेट आणि नवा गडी असेल तर प्लॅस्टिकचा, दोन पत्त्यांचा कॉल घ्यावा, हे तिकडचं सर्वमान्य उत्तर. महाग अॅक्रिलिकचा आवाज जास्त खणखणीत असतो, लांब जातो. बदकाला किंमत माहीत नसते हे आपलं माझं मत.

आता गंमत. हे जवळपास सगळे कॉल एकाच पक्ष्याची नक्कल करतात: मॅलार्ड बदकाची मादी. 'क्वॅक क्वॅक' हा जो जगप्रसिद्ध आवाज आहे तो तिचा. नर मॅलार्ड तसा ओरडतच नाही, तो घोगरं पुटपुटतो. म्हणजे दुकानातली ती आख्खी भिंत एका जातीच्या एका लिंगाच्या आवाजावर उभी आहे. आणि मॅलार्ड महाराष्ट्रात दिसणं म्हणजे दुर्मिळ योग.

समजा, हा कॉल घेऊन तुम्ही जानेवारीतल्या पहाटे सोलापूर रस्त्यावरच्या कवडीला नदीकाठी जाऊन उभे राहिलात, किंवा भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर. (शिकारीला नव्हे. शिकारीला आपल्याकडे पूर्ण बंदी आहे, त्याबद्दल पुढे येतंच.) नुसतं डोक्यात वाजवून बघा, कोण उत्तर देईल? हळदी-कुंकू बदक देऊ शकेल. चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका असलेलं हे आपलं बारमाही बदक मॅलार्डचं जवळचं नातेवाईक आहे आणि त्याची मादी बरीचशी तशीच ओरडते. पण तिथून पुढे सगळा घोळ. तलवार बदकाचा नर हळू शीळ घालतो. चक्रांग बारीक, घंटीसारखा किणकिणतो. अडई तर उडतानासुद्धा शिट्ट्या मारत जाते, तिचं इंग्रजी नावच शिट्टीवरून पडलंय. थापट्या बहुतेक वेळ गप्प राहून चोच पाण्यात घालून गाळ चाळत असतो. चक्रवाक, ज्याच्या जोडीच्या रात्रीच्या विरहावर आपल्या कवींनी शतकानुशतकं शाई खर्च केली, तो प्रत्यक्षात मोटारीच्या जुन्या हॉर्नसारखा भोंगा वाजवतो. आणि भुवई बदकाचा नर कोरडा 'कर्रर्र' असा आवाज काढतो, कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा. थोडक्यात, भिगवणसाठी बजेटमधला सगळ्यात चांगला डक कॉल म्हणजे दहा रुपयांचा कंगवा! :)

पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. या सगळ्या शिकारी आपल्याकडेही होत्या. मग आपल्याकडे डक कॉल का नाही?

एक उत्तर असं की बदकासाठी आपल्या लोकांनी आवाजाची नव्हे, मडक्याची वाट धरली. भारतातल्या कित्येक तळ्यांवर चालणारी ही पद्धत जुन्या इंग्रजी शिकारग्रंथांतून अनेकदा आलेली आहे. आधी तळ्यावर काही रिकामी मडकी तरंगत सोडायची. एकदोन दिवसांत बदकं त्यांना सरावतात. मग माणूस स्वतः एक मडकं डोक्यावर उपडं घालतो, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं, आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून हळूहळू सरकत जातो. जवळच्या बदकाचे पाय पाण्याखालून धरायचे, आत ओढायचं, कमरेच्या दोरीला अडकवायचं, पुढचं. शेजारच्या बदकाला पत्तासुद्धा नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तिथले मोहाणा कोळी मडक्याऐवजी पेंढा भरलेला पाणपक्षी डोक्यावर बांधून हेच करत. एकूण भांडवली खर्च: एक मडकं. यापेक्षा स्वस्त काय असणार?

साहेबांना आणि संस्थानिकांना तर कशाचीच गरज नव्हती. भरतपूरला १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. हाकारे पाणी ढवळून थवे उठवत होते, बंदुका ठरलेल्या जागी उभ्या होत्या. कुणाला बोलवायचं कशाला, सगळे उठतच होते.

पण हाक मारून पक्षी बोलवायची विद्या आपल्याकडे होती आणि फार वरच्या दर्जाची होती. ती बदकासाठी नव्हती, तितरासाठी होती. ही दोन पाखरं हाकेला येतात त्यामागची कारणं उलटी आहेत. बदक थव्यानं राहणारं. त्याला खालून क्वॅक ऐकू आलं की वाटतं, इथे आपली मंडळी आहेत, खायला आहे, धोका नाही. तितराचा नर मात्र आपल्या हद्दीचा मालक. 'ति-त्तर ति-त्तर' अशी दुसऱ्या नराची ललकारी त्याच्या हद्दीतून आली की तो भांडायला धावत येतो. एकाला आपलेपणाचं खोटं सांगून फसवायचं, दुसऱ्याला भांडणाचं.

म्हणून तितर पकडण्याची जुनी रीत अशी: माणसाळवलेला नर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, भोवती फास मांडायचे. आतला ओरडतो, बाहेरचा तावातावानं येतो आणि पाय फासात जातो. ही रीत किती जुनी? जातककथांमध्ये तितराच्या एकापेक्षा जास्त गोष्टी आहेत, त्यातली ३१९ व्या क्रमांकाची बरोबर याच पिंजऱ्यातल्या तितराची आहे. पाली भाषेत अशा पक्ष्याला चक्क वेगळा शब्द आहे, 'दीपक-तित्तिर'. गोष्टीतल्या तितराला अपराधी वाटू लागतं. माझ्या हाकेनं माझेच भाऊबंद मरतायत, हे पाप माझं का? तो ओरडायचं थांबवतो तर पारधी त्याच्या डोक्यात बांबूची काठी मारतो, म्हणून पुन्हा ओरडतो. शेवटी तो एका तापसाला विचारतो. तापस त्याच्या मनातला हेतू विचारात घेतो आणि सांगतो की तुझ्या मनात पाप नसेल तर ते तुला लागत नाही. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी आमिषाच्या बाजूनं विचार केला होता, हे वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो.

राजेरजवाडेही मागे नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ लिहिला. (ही कल्याणी म्हणजे मुंबईजवळचं कल्याण नव्हे, बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण.) राजानं करमणूक कशी करावी यावर त्यात भाग आहेत: लाव्यांच्या झुंजी, ससाण्यांची शिकार, मासेमारी, आणि शिकवलेलं पाळीव हरीण आमिष म्हणून पुढे करून रानटी हरणं जवळ आणायची युक्तीसुद्धा. राजानं लिहिली म्हणून ती 'विनोद' झाली. जे लोक रोज पोटासाठी हेच करत होते त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत.

ते लोक म्हणजे पारधी. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे जाडजूड खंड काढले त्यात पारध्यांच्या पोटशाखांची यादी आहे, ती एखाद्या कंपनीच्या डिपार्टमेंटसारखी वाटते. फास लावणारे फासेपारधी. चित्ता पाळून शिकार करणारे चितेवाले. शिकवलेल्या बैलाच्या आडून सावजापर्यंत पोचणारे गायके. जात्याला टाकी लावणारे टाकणकर. एक शाखा मगरीचं तेल विकणारी, एक माकडांचे खेळ करणारी. ज्यानं त्यानं आपलं स्पेशलायझेशन धरलेलं. फासेपारध्याचं सामान काय, तर फासांची एक गुंडाळी आणि गळा. तितर, लावा, मोर यांचे आवाज तोंडानं काढायचे, तेही नुसते 'तितराचा आवाज' असे नाहीत. नराची ललकारी वेगळी, मादीची साद वेगळी, पिल्लं हरवल्यावरची हाक वेगळी. कोणत्या महिन्यात कोणती हाक चालेल, सकाळी कोणती आणि तिन्हीसांजेला कोणती, वारा कुठून आहे. दुकानातल्या भिंतीवर एका बदकाच्या एका मादीचा आवाज विकत मिळतो, आणि इथे आख्खा माळ एका माणसाच्या गळ्यात होता, फुकट. फुकट म्हणजे पैशानं. शिकायला लहानपण जात होतं.

आणि या लोकांचं इंग्रजांनी काय केलं ते आपल्याला माहीत आहे, निदान माहीत असायला हवं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ मध्ये तो देशभर लावायची सोय झाली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. फिरस्ता माणूस, ज्याचा पत्ता नाही, जो रात्री माळावर असतो, जो आवाज न करता चालतो, तो गुन्हेगार. शिकाऱ्याची लायकी म्हणून जे जे गुण लागतात ते सगळे पोलिसांच्या वहीत पुरावा झाले. नावनोंदणी, बोटांचे ठसे, रोजची हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. जातकातल्या तापसानं तितराचा हेतू विचारला होता. या कायद्याला हेतूशी देणंघेणं नव्हतं, जन्म पुरेसा होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना राखणीच्या कामावर घेतलं. अपवाद म्हणून हे लक्षात राहतं, कारण बाकी सगळीकडे वही चालूच होती.

आता एक वर्ष धरून बघा: १९३६. आर्कान्सातल्या स्टटगार्ट नावाच्या, भातशेतीनं वेढलेल्या छोट्या गावात बदकाची हाक मारण्याची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा भरली. बक्षीस होतं ६ डॉलर ६० सेंट किमतीचा शिकारीचा कोट. ती स्पर्धा आजही दर नोव्हेंबरात भरते, जगज्जेतेपद देते, माझे तिथले सहकारी तिच्याबद्दल आपण सवाई गंधर्वबद्दल बोलतो तसे बोलत. सुरुवातीच्या काळात एका गड्यानं हातात काहीही न घेता, नुसत्या गळ्यानं ती जिंकली होती, ही गोष्ट तिकडे कौतुकानं सांगतात. त्याच १९३६ मध्ये सोलापूरला गुन्हेगार जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तिथे कुणाच्या गळ्यात कोणता पक्षी आहे हे विचारणारं कुणी नव्हतं. कुंपणाच्या आत किती माणसं आहेत हे मोजत होते.

देशभर हा कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. स्वातंत्र्य आणि यांची मुक्ती यात पाच वर्षांचं अंतर. म्हणून 'विमुक्त' हा शब्द. पण वहीची सवय सुटली नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा आला आणि आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाते.

मग १९७२. त्या वर्षी लुइझियानातल्या फिल रॉबर्टसन नावाच्या शिकाऱ्याला त्याच्या डक कॉलचं पेटंट मिळालं. पुढच्या वर्षी त्यानं कंपनी काढली, आणि पुढे त्या कुटुंबावर टीव्ही मालिका झाली, करोडोंचा धंदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात परवाना काढून शिकार करायची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीनं ती गेली. शिकारीची कायद्यातली व्याख्याही रुंद आहे: मारणं, पकडणं, फास लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न. तेव्हा बंदूक नसली तरी रानबदकांना फसवून पकडायला कॉल वाजवणारा शिकारीच ठरतो, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या कायद्याच्या मी पूर्ण बाजूनं आहे, हे स्पष्ट सांगतो. तो नसता तर भिगवणला आज मी काय बघितलं असतं? पण हिशोब मांडताना सगळे कॉलम भरावे लागतात. शिकारी साहेब १९४७ ला घरी गेले, संस्थानिकांनी महालांची हॉटेलं केली. पारध्याकडे पर्यायी धंदा नव्हता, जमीन नव्हती, कागद नव्हते. आजा जन्मानं गुन्हेगार ठरला होता, नातू धंद्यानं ठरला.

अमेरिकेतली व्यवस्था बघितली की फरक जास्त टोचतो. तिथे १९३४ पासून बदकाच्या शिकाऱ्याला सरकारी 'डक स्टॅम्प' घ्यावा लागतो. तेव्हा एक डॉलर होता, आता २५ आहे, आणि त्यातला बहुतेक सगळा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. १९३५ मध्ये त्यांनी जिवंत बदक आमिष म्हणून बांधायला बंदी केली. बदकांसाठी विजेवर चालणारे, रेकॉर्ड केलेले आवाजही चालत नाहीत. हाक मारायची तर फुंकून किंवा गळ्यानं. म्हणजे कायद्यानंच ती कला जिवंत ठेवली, असं म्हणायला हरकत नाही. आपल्या कायद्यानं पक्षी ठेवला, आणि हाक कुठे गेली हे कुणी बघितलं नाही.

आपण शहरी पक्षीवेडे काय करतो? मोबाईलवर अॅप उघडून रेकॉर्ड केलेली हाक स्पीकरवर वाजवतो, पक्षी चिडून बाहेर आला की फोटो काढतो. विणीच्या हंगामात बिचारा नर दिवसभर नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. मी हे करत नाही आणि करणाऱ्यांशी वाद घालतो. पण ज्यांच्या आजोबांना याच युक्तीसाठी वहीत घातलं त्यांना हे दृश्य कसं दिसत असेल, हा विचार सुटत नाही.

बरं, ती विद्या पूर्ण गेलेली नाही. अकोला-वाशीम भागातल्या माळांवर तणमोर शोधायच्या कामात फासेपारधी आहेत, संवेदना नावाची संस्था त्यांच्याबरोबर हे काम करते. तणमोर एरवी गवतात दिसत नाही, पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारतो तेवढाच काय तो दिसतो. जीपीएस आणि दुर्बीण घेऊन आलेल्या शास्त्रज्ञाला कुठल्या माळावर आणि कोणत्या वेळी उभं राहायचं हे सांगणारा माणूस लागतो. तितरांच्या बाबतीत तर गणनेची पद्धतच हाकेवर आहे: पहाटे ठरलेल्या जागी उभं राहायचं, ठरलेली मिनिटं ऐकायचं, किती नर ओरडले ते लिहायचं. कोणता जवळचा, कोणता लांबचा, एकच दोनदा ओरडला की दोघे आहेत, हे ओळखणारा कान त्यासाठी हवा. फासेपारध्याच्या घरात तो कान अजून आहे. या कामाची मजुरी कुणाला आणि किती मिळते, हे मात्र प्रकल्पागणिक बदलतं.

माझ्या त्या सहकाऱ्यानं शेवटी दोन पत्त्यांचा प्लॅस्टिकचा कॉल घेतला, हिरव्या रंगाचा. आठवडाभर पार्किंगमध्ये गाडीत बसून सराव करायचा.